श्वासासारखं काहीतरी

प्रथमोपचाराच्या वर्गाला येणाऱ्यांना सगळ्यात आधी हातांबद्दल विचारायचं असतं. हृदय चालू ठेवायला छाती दाबताना तळहात नेमका कुठे टेकवायचा, जोर किती लावायचा, कोपर वाकलं तर चालतं का. मी या वर्गांना मदतनीस म्हणून जाते. आमच्या प्रशिक्षक बाई हे सगळे प्रश्न थोडा वेळ थोपवून धरतात आणि आधी एक आवाज ऐकवतात.

ध्वनिमुद्रण छोटंसंच आहे. सुरुवातीला नुसती शांतता. मग घशातून ओढून काढल्यासारखा एक घोगरा आवाज, धड घोरणं नाही आणि धड उचकीही नाही. पुन्हा शांतता, इतकी लांब की ऐकणाऱ्याला वाटावं संपलं. आणि पुन्हा तोच आवाज. बाई विचारतात, "हा माणूस कसा आहे?" बहुतेक जण सांगतात, श्वास चालू आहे. कुणी म्हणतं, बेशुद्ध असेल, कुशीवर वळवून ठेवू. कुणाला तो गाढ झोपलेला वाटतो. मग बाई सांगतात की या माणसाचं हृदय बंद पडलंय आणि कुणी काही केलं नाही, तर थोड्या वेळात हा आवाजही बंद होईल.

वर्गात त्यानंतर जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी या कामात टिकून आहे. कारण नेमकं काय होतं हे त्या क्षणी सगळ्यांना कळलेलं असतं. हृदयाने रक्त ढकलणं थांबवलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते, पण मेंदूच्या बुंध्यातला, श्वास चालवणारा भाग लगेच बंद पडत नाही. उरलासुरला प्राणवायू असेपर्यंत तो आचके देत राहतो. जबडा उघडतो, मान किंचित मागे जाते, घशात घरघर होते. फुफ्फुसांत मात्र कामाची हवा जात नाही, आणि गेली तरी ती पुढे वाहून नेणारं रक्त थांबलेलंच असतं. हृदय अचानक बंद पडलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांत पहिल्या काही मिनिटांत असे आचके दिसतात. काहींचे हातपाय पडल्यापडल्या क्षणभर झटके देतात आणि बघणाऱ्यांना फिट आल्याचा भास होतो. म्हणजे ज्या मिनिटांत मदत सगळ्यात जास्त उपयोगी पडते, नेमक्या त्याच मिनिटांत शरीर 'मी जिवंत आहे, थांबा जरा' असं सांगत असतं.

आणि आपलं मन त्यावर विश्वास ठेवायला टपलेलंच असतं. समोर पडलेला माणूस मरणाच्या दारात आहे हे मानण्यापेक्षा त्याला चक्कर आलीये, साखर कमी झालीये, उन्हाचा त्रास झालाय हे मानणं फार सोपं. मग तोंडावर पाणी मारलं जातं, पंख्याचा वेग वाढवला जातो, कुणीतरी तळपाय चोळायला घेतं. हे सगळं मायेपोटीच होतं आणि यात दोन-चार मिनिटं सहज निघून जातात. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. चार-सहा मिनिटांच्या पुढे मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. म्हणून मला वाटतं, या शिक्षणात हातांचा भाग दुय्यम आहे. खात्री नसताना सुरुवात करायला स्वतःला परवानगी देणं, हे खरं शिकायचं असतं.

हृदय बंद पडणं हा प्रकार फसवा आहे तो यासाठीही की अनेकदा ते खरोखर निश्चल नसतं. त्याच्या खालच्या कप्प्यांतली वीज भरकटते, स्नायूचा प्रत्येक तुकडा आपापल्या मनाने थरथरतो आणि त्या थरथरीतून रक्ताचा थेंबही पुढे जात नाही. हृदयविकाराचा झटका याहून वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी तुंबते, स्नायू उपाशी पडू लागतो, पण माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, बऱ्याचदा चालतोही. छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, तो हातात, जबड्यात, पाठीत पसरणं, गार घाम, मळमळ, धाप. बायकांमध्ये, वयस्करांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीत दुखणं अगदी थोडं किंवा अजिबात नसूही शकतं, नुसता विलक्षण थकवा आणि दम. इथे शंका घेणारा स्वतः रुग्णच असतो. "ॲसिडिटी आहे, झोपलो की बरं वाटेल," असं तो घरच्यांना पटवतो. अशा वेळी त्याचं न ऐकता आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा, त्याला बसवून ठेवायचं, जिना चढू द्यायचा नाही आणि स्वतः गाडी चालवत तर मुळीच जाऊ द्यायचं नाही. फोनवरच्या माणसाने सांगितलं आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, तर एक ॲस्पिरिन चावून खायला द्यायची. कारण याच झटक्यातून पुढच्या कुठल्याही क्षणी ती थरथर सुरू होऊ शकते, आणि तेव्हा जवळ कुणीतरी असायला हवं.

पूर्वी आमच्या क्षेत्रात सामान्य माणसालाही आधी नाडी बघायला शिकवत. स्वतःच्या मानेवर दोन बोटं ठेवून पाहा, शांत खोलीत बसूनही ती सापडायला वेळ लागतो. घाबरलेल्या माणसाला समोरच्याच्या मानेत स्वतःच्याच बोटांतली धडधड जाणवते आणि तो म्हणतो, "आहे आहे, नाडी आहे." २००० साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सामान्य लोकांच्या प्रशिक्षणातून नाडी तपासणं काढून टाकलं. आता दोनच गोष्टी बघायच्या. खांदे हलवून मोठ्याने हाक मारली तर ओ देतो का? आणि श्वास नेहमीसारखा आहे का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आलं, की आपत्कालीन क्रमांकाला फोन लावून तो स्पीकरवर टाकायचा आणि छाती दाबायला सुरुवात. यातल्या 'नेहमीसारखा' या शब्दावर बाई दरवेळी थांबतात. वर ज्या आवाजाबद्दल लिहिलं, तो या चाळणीत अडकावा म्हणूनच तो शब्द तिथे आहे.

"आणि हृदय चालू असेल तर? आपण उगाच दाबलं तर?" हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात खरी भीती असते. अमेरिकेतल्या किंग काउंटीमध्ये याचा नीट अभ्यास झाला होता. फोनवरून सूचना मिळाल्यावर ज्यांच्या छातीवर दाब दिला गेला, पण ज्यांचं हृदय प्रत्यक्षात बंद पडलेलं नव्हतं, अशा लोकांचं पुढे काय झालं हे त्यांनी तपासलं. त्यांच्यात शंभरात जेमतेम दोघांचं हाड मोडलं होतं आणि आतल्या अवयवांना इजा झालेली आढळली नाही. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. शिवाय हृदय चालू असलेला माणूस छातीवर असा दाब आला की बहुधा कण्हतो, हात झटकतो, ढकलतो. तसं झालं की थांबायचं. एका पारड्यात दुखरी छाती आणि दुसऱ्यात अख्खा माणूस असताना मला तरी यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

आता हात. माणूस कडक जमिनीवर उताणा हवा, गादीवर दाब वाया जातो. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या (मधल्या उभ्या हाडाच्या) खालच्या अर्ध्यावर एका तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा भाग, तिच्यावर दुसरा हात, बोटं गुंफलेली. कोपरं सरळ आणि खांदे बरोबर हातांच्या वर. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर आत गेली पाहिजे, ६ च्या पुढे नको. मिनिटाला १०० ते १२० वेळा. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदयात रक्त परत भरतं ते त्या वर येण्यातच. दमलेला माणूस नेमकं इथे चुकतो, तो हातांवर रेलून राहतो.

एका वर्गात एक आजी आल्या होत्या. अंगाने अगदी किरकोळ. गुडघे दुखतात म्हणून बाजूला बसूनच बघते म्हणाल्या, मग न राहवून मॅनिकिनपाशी, म्हणजे सरावाच्या बाहुलीपाशी, येऊन बसल्या. पहिल्यांदा त्यांनी कुरवाळल्यासारखं दाबलं. मॅनिकिनच्या आत एक खटका असतो, पुरेसा खोल दाब पडला की तो वाजतो. तो काही वाजेना. बाई त्यांच्या शेजारी बसून म्हणाल्या, "आजी, दंडाने नका दाबू. कंबरेपासून पुढे झुका, अंगाचं वजन जाऊ द्या खाली." आजींनी पदर खोचला, हात सरळ केले आणि झुकल्या. खट्. त्या दचकून थांबल्या. "एवढं? एवढं दाबायचं असतं माणसाला?" मग पुन्हा झुकल्या, आणि खटके एकामागोमाग एक वाजू लागले. मिनिटभराने कपाळावरून घाम ओघळला, बांगड्या मनगटावर वरखाली होत होत्या, पण मागे सरायला तयार नव्हत्या. नव्या माणसाच्या हाताखालचा दाब दोन मिनिटांत उथळ होऊ लागतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून जवळ दुसरं कुणी असेल तर दर दोन मिनिटांनी अदलाबदल करावी, आणि तीही काही सेकंदांत.

मध्ये का थांबायचं नाही, हे हापशावर पाणी भरलेल्या माणसाला पटकन कळतं. आधीचे काही दट्टे कोरडे जातात, मग धार लागते, आणि हात थांबला की पाणी खाली उतरतं, पुन्हा पहिल्यापासून. छातीवरच्या दाबाचंही तसंच. हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत रक्त पोहोचेल इतका दाब तयार व्हायला छाती सलग बऱ्याच वेळा दाबावी लागते, आणि थांबलं की तो क्षणात कोसळतो. उत्तम दाबानेही नेहमीच्या तुलनेत पाव किंवा फार तर तिसरा हिस्सा रक्त फिरतं. मेंदूला तग धरून ठेवायला तेवढंही उपयोगी पडतं. तोंडातून श्वास देणं ज्यांनी शिकलंय त्यांनी ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत. शिकलं नसेल तर नुसतं दाबत राहावं. मोठी माणसं अचानक कोसळतात तेव्हा त्यांच्या रक्तात सुरुवातीला प्राणवायू शिल्लक असतो. पाण्यात बुडालेले आणि लहान मुलं यांची गोष्ट निराळी. तिथे मूळ अडचणच श्वासाची असते, म्हणून श्वास शिकून घेणं मला तरी अगत्याचं वाटतं, विशेषतः घरात मूल असेल तर.

ही सगळी रीत माझ्या आईच्या पिढीइतकीच जुनी आहे, याचं मला आजही नवल वाटतं. त्याआधी थांबलेलं हृदय चालवायचं तर शल्यचिकित्सक छाती उघडून ते हातात धरून दाबत. १९५८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हृदयाची थरथर थांबवणाऱ्या विजेच्या झटक्यांवर प्रयोग चालू असताना गाय निकरबॉकर या तरुण अभियंत्याच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर झटक्याचे जड पॅडल नुसते दाबले तरी रक्तदाब किंचित वर जातो. वीज अजून दिलेलीही नव्हती! ही बारीकशी वाढ त्याने दुर्लक्षून सोडली नाही. विल्यम कावेनहोवेन, जेम्स जूड आणि तो, अशा तिघांचा लेख १९६० मध्ये आला. त्यात त्यांनी लिहिलं की आता हे कुणीही, कुठेही सुरू करू शकतं, लागतात ते फक्त दोन हात. तिघांतले दोघे विजेचे अभियंते होते, डॉक्टर एकटा जूड. त्याच वर्षी नॉर्वेतल्या आस्मुंड लेअरदाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने सरावासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. त्याचा लहान मुलगा काही वर्षांपूर्वी बुडता बुडता वाचला होता. बापानेच त्याला बाहेर काढलं होतं.

शंका मिटवणारं एक यंत्रही आता आपल्यापाशी आहे, एईडी, गरज असेल तर हृदयाला विजेचा झटका देणारं. विमानतळांवर, मैदानांवर, मोठ्या इमारतींत भिंतीवर टांगलेलं असतं. उघडलं की ते स्वतःच बोलू लागतं. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेच्या जरा खाली. छाती उघडी आणि कोरडी हवी. हृदयाची लय ते स्वतः वाचतं, आणि ती थरथर सापडली तरच झटका द्यायला सांगतं. सिनेमात दाखवतात तशी सरळ रेघ असेल, म्हणजे हृदय अगदी निश्चल असेल, तर झटक्याचा उपयोग नसतो, यंत्र तो देतही नाही, दाबत राहा म्हणतं. चुकून चांगल्या हृदयाला झटका बसेल ही भीती बाळगायचं कारणच उरत नाही. अमेरिकेतल्या कसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना ही यंत्रं वापरायला शिकवली होती. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि ३ मिनिटांच्या आत झटका मिळालेल्या लोकांपैकी ७४ टक्के जिवंत घरी गेले. उशीर झालेल्यांत ४९ टक्के. तो अहवाल २००० सालचा. रक्षक डॉक्टर नव्हते, ते जवळ होते आणि त्यांना काय करायचं हे ठाऊक होतं.

छाती उघडी करण्यावरून एक गोष्ट बोललीच पाहिजे. चारचौघांत कोसळलेल्या बाईला पुरुषाच्या मानाने दाब मिळण्याचं प्रमाण कमी असतं, असं पाहण्यांत दिसून आलंय. हात लावायला संकोच, कपडे बाजूला करायला संकोच, लोक काय म्हणतील ही धास्ती. मला याचा राग येतो, आणि तो या लेखात लपवायचा नाही. वर्गात आता मॅनिकिनला ब्लाउज घालून, कात्रीने तो कापून पॅड लावायचा सराव घेतात. पहिल्यांदा हसू फुटतं, काही माना खाली जातात. पण कात्री एकदा हाताने चालवली की संकोच बराच ओसरतो, हे मी समोर बघितलंय.

आणि चारचौघांतलं हे सगळं लिहिताना विसरायला नको की हृदय बंद पडण्याच्या दर दहातल्या सात घटना घरातच घडतात. म्हणजे आपल्याला कधी दाबावं लागलंच, तर ती छाती बहुधा ओळखीची असेल. माझे मामा जेवणानंतर खुर्चीतून घसरले तेव्हा घरात मामी एकट्या होत्या. त्यांनी कुठलाच वर्ग केलेला नव्हता. फोनवरच्या मुलीने त्यांना मामांना जमिनीवर ओढून घ्यायला लावलं आणि मोठ्याने आकडे म्हणत दाबायला सांगितलं. मामी पुढे सांगायच्या, "मध्येच यांनी घशातून आवाज काढला गं. मला वाटलं आले शुद्धीवर. मी हात काढणार, तेवढ्यात ती पोरगी ओरडली, थांबू नका मावशी, दाबत राहा." ती पोरगी कोण हे आम्हाला कधीच कळलं नाही. मामा वाचले. पुढे कितीतरी दिवस बरगड्या दुखतात म्हणून कुरकुरायचे, आणि मामी त्यांना प्रेमाने शेक द्यायच्या.

श्वास एकदा बघून झाला म्हणजे झालं असंही नसतं. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला फुटबॉलच्या सामन्यात डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला. संघाचे डॉक्टर पोहोचले तेव्हा त्याचा श्वास चालू होता, नाडीही लागत होती, आणि बघता बघता ते बदललं. त्यांनी तिथेच दाब सुरू केला, झटका दिला. तो पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरला. सगळ्या जगाने ते बघितलं, पण त्याच्या देशाची तयारी त्याच्या बरीच आधीची होती. डेन्मार्कने २००५ मध्ये हे शिक्षण शाळांत सक्तीचं केलं, २००६ पासून वाहनपरवान्यासाठीही. आसपासच्या लोकांनी दाब सुरू केल्याचं प्रमाण तिथे २००१ मध्ये सुमारे २१ टक्के होतं, ते २०१० पर्यंत ४५ टक्क्यांवर गेलं. याच काळात महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झालं. यात रुग्णवाहिका आणि रुग्णालयं सुधारल्याचाही वाटा आहे, पण पहिली मिनिटं लोकांच्याच हातात होती.

१०.८ हा आकडा मात्र दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. तिप्पट सुधारणा होऊनही दहातले जवळपास नऊ जण गेले. त्यांच्याही छातीवर कुणाचे ना कुणाचे हात होते. प्रशिक्षणात या माणसांबद्दल फारच कमी बोललं जातं.

एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांच्या धाकट्या भावाचं हृदय घरीच बंद पडलं होतं. वर्ग संपल्यावर सगळे पांगले तरी ते रेंगाळले आणि बाईंना म्हणाले, "मी अजून जोरात दाबायला हवं होतं का?" बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांना बसवलं आणि विचारलं, "तुम्ही काय काय केलंत, मला पहिल्यापासून सांगा." त्यांनी सांगितलं. हाक मारली, ओ आली नाही. पलंगावरून खाली घेतलं. बायकोने फोन लावला. रुग्णवाहिकेतली माणसं येऊन त्यांनी हात बाजूला करेपर्यंत दाबत राहिलो. बाई म्हणाल्या, "यात मी काहीही बदलणार नाही. काही हृदयं परत चालूच होत नाहीत. मोठी वाहिनी पूर्ण बंद झालेली असते, स्नायू आधीच थकलेला असतो. रुग्णालयात, डॉक्टरांच्या समोर थांबलेलीसुद्धा बरीच परत येत नाहीत." गृहस्थ म्हणाले, त्यांना अजून तळहातांखाली ती छाती जाणवते, झोप लागता लागता तो आवाज ऐकू येतो. बाईंनी सांगितलं की हे मदत करणाऱ्या खूप जणांना होतं, काही आठवड्यांत ओसरतं, आणि ओसरलं नाही तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जायला हवं, त्यात कमीपणा काही नाही.

तेव्हापासून वर्गाचा शेवटचा भाग आम्ही यासाठी राखून ठेवतो. रुग्णवाहिकेच्या पथकांना विनंती करतो की निघताना दाब देणाऱ्या माणसाशी दोन वाक्यं बोलून जा. आणि शिकायला आलेल्यांना सांगतो की तुमच्या ओळखीत कुणी हे केलं असेल, तर माणूस वाचला असो वा गेला असो, दुसऱ्या दिवशी त्याला फोन करा, आठवड्याने पुन्हा करा. 'मी कमी पडलो का' असं तो विचारील तेव्हा विषय बदलू नका. काय काय केलं ते त्याला पहिल्यापासून सांगू द्या.